ओढ्यापलीकडून

नांदेड
११ मार्च २०२४

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

व्यंकटीकाका गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही आलात आणि जेवणं आटोपताच लातूरची बस धरलीत. मला तुमच्याशी बोलायचं होतं. पण तुमच्याशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून तोंड हलवायचं, आणि त्या दिवशी सगळं गाव माझ्याच तोंडाकडं बघत होतं. फोन तुम्हाला ऐकू येत नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर म्हणता, 'पत्र लिही, वाण्याची यादी पाठवू नकोस.' म्हणून हे पत्र.

काकांचं नाव तुम्हीच सुचवलं होतं. सिनेमातल्या म्हाताऱ्या गायकासाठी मी पुण्या-मुंबईचे नट शोधत होते, तेव्हा तुम्ही लिहिलंत, 'काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्याच्यामागं मी उभा जन्म पेटी वाजवली तो व्यंकटी आहे की गावात.' तुमचं खरं ठरलं. काकांनी असं काम केलं की कॅमेऱ्यामागं असलेल्या यासेरनं दोनदा डोळे पुसले.

आता अडचण सांगते. सिनेमाचा शेवटचा शॉट तुम्हाला माहीत आहे. म्हातारा ओढ्याकाठी एकटाच बसतो, स्वतःशी दोन वाक्यं बोलतो आणि बसल्या जागी जातो. यासेर आणि मी कॅमेरा घेऊन ओढ्याच्या अलीकडं होतो, काका पलीकडं. आवाजाचं यंत्र त्यांच्या बंडीच्या खिशात ठेवलं होतं. ते चालूच झालं नव्हतं, हे मला परवा कळलं. चित्र आहे, आवाज नाही. आणि काकांनी मी लिहिलेली वाक्यं म्हटलेलीच नाहीत, ते काहीतरी वेगळंच बोलले आहेत. मध्येच त्यांनी आमच्याकडं हात उचलला. तो हातही मी लिहिलेला नव्हता. मला वाटलं, विचारतायत, असंच पुढं चालू ठेवू का? मी इकडून जोरात हात हलवला, चालू द्या, झकास चाललंय. असला अभिनय शिकवून येत नाही, मामा.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. सिनेमावाल्यांत एक रीत आहे. नटाचा मरणाचा शॉट झाला की लगेच त्याचाच हसतानाचा एक शॉट घ्यायचा, म्हणजे खोटं मरण खरं होत नाही. यासेर मुंबईच्या सेटवर राबलेला, तो हटून बसला, "दीदी, मय्यत का शॉट हुआ तो हसता हुआ लेनाच पडता." काका ओढा ओलांडून आले तेव्हा घामाघूम होते. म्हणाले, "बाबासाहेबांनी आपल्याला ह्ये समदं सोडायला लावलं, पोरी. हसनं ऱ्हाऊ दे, पानी दे." मला त्यांचा अभिमान वाटला होता.

शूटिंग आटोपून पंधरवडा झाला नाही तोच काका झोपेत गेले. यासेरनं चहाच्या टपरीवर हसण्याच्या शॉटचं बोलून टाकलं होतं. आता गावात म्हणतात, पोरीनं रीत पाळली नाही म्हणून व्यंकटी गेला. मी हे मानत नाही. पण एडिटिंग करताना तो चेहरा समोर आला की माझ्यानं खुर्चीत बसवत नाही.

तुम्ही ओठ वाचता. काका काय बोलले तेवढं सांगाल का?

तुमची,
समीक्षा

*

लातूर
१९ मार्च २०२४

चि. समीक्षा,
मंगल कामना.

आमच्या गल्लीत क्लासच्या पोरांचा कालवा इतका वाढलाय की डोकं उठतं, असं तुझी मामी म्हणते. मला तो नुसता दिसतो. कान गेल्याचे जे काही फायदे आहेत त्यातला हा एक.

हसण्याच्या शॉटचं वाचून तुझा राग आला. अगं, हसून माणसं वाचत असती तर सरकारनं दवाखान्यांत डॉक्टरांच्या जागी विदूषक भरले असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच. व्यंकटीनं आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबून, वर रात्र रात्र गाऊन शरीराचं जे करायचं ते करून ठेवलं होतं. तुझ्या कॅमेऱ्यानं त्याला मारलं नाही. शाळेत जन्मभर मुलांना हेच शिकवलं आणि घरच्याच पोरीला पुन्हा पहिलीपासून शिकवायची पाळी आली.

त्याचे ओठ मात्र मला वाच म्हणतेस, तर ते मी वाचणार नाही तर कोण? माझे कान जाऊ लागले तेव्हा मी गायन पार्टीत कोणाला कळू दिलं नाही. गाणं कुठं उचलायचं ते मी व्यंकटीच्या ओठांकडं बघून ठरवायचो. ते त्याला एकट्याला समजलं होतं. तेव्हापासून तो लोकांकडं पाठ झाली तरी चालेल, पण माझ्याकडं तोंड करून गायचा. लोक म्हणायचे, व्यंकटीला पेटीवाल्याचं भारी वेड. आम्ही दोघं हसायचो.

पेनड्राइव्ह पाठव. टीव्हीला कसा लावायचा ते मामीला येतं.

तुझा मामा,
रविकांत

*

नांदेड
२ एप्रिल २०२४

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

पेनड्राइव्ह सोबत आहे. फक्त तो एक शॉट आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुठं कापलेला नाही.

घाई करू नका असं म्हणायला हवं, पण घाई आहे. एका महोत्सवात सिनेमा पाठवायची मुदत जवळ आली आहे. त्या शॉटशिवाय हा सिनेमा म्हणजे बिनदाराचं घर. तुम्ही ओठ वाचले की तीच वाक्यं दगडोबाकाकांच्या आवाजात भरून घेईन. सख्ख्या भावांचा आवाज किती सारखा आहे, तुम्हाला आता कळत नसेल, पण गाव फसतं.

आईला मी सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. मुंबईत सात वर्षं मी मालिकांचे संवाद लिहिले आणि पडद्यावर दुसऱ्याचं नाव वाचलं. नांदेडला परत आले, यासेरबरोबर लग्नाचे व्हिडिओ करून पोट भरलं, दोन लघुपट केले, आणि हा पहिला सिनेमा, ज्यात लेखन आणि दिग्दर्शन म्हणून माझं नाव येणार. हा बुडाला तर मी पुन्हा उठणार नाही. लग्नं शूट करीन, त्यात वाईट काही नाही. पण सिनेमा पुन्हा नाही.

तुमची,
समीक्षा

*

लातूर
६ मे २०२४

चि. समीक्षा,
मंगल कामना.

उशीर झाला. डोळ्यांचा त्रास होता, आणि ऊनही फार आहे.

व्यंकटीनं म्हटलेली वाक्यं अशी आहेत: 'लई केलं. आता जरा टेकतो. नदी हाय, झाड हाय, आनखी काय लागतं?'

बाकी काही नाही. हात त्यानं नदीकडं केला असावा. सिनेमा पाठवून दे. शॉट चांगला झाला आहे.

ताईला बीपीची गोळी न चुकता घ्यायला सांग.

तुझा मामा,
रविकांत

*

नांदेड
९ जून २०२४

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

सिनेमा महोत्सवात घेतला गेला. पत्र आलं तेव्हा यासेरनं देगलूर नाक्यावरच्या त्याच्या सगळ्या गल्लीला चहा पाजला. मी हसले, फोटो काढले. तरी आनंद काही अंगाला लागत नाही. का ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चालणार नाही.

मागच्या महिन्यात दगडोबाकाकांना बोलावून तुमची वाक्यं त्यांच्या आवाजात घेतली. यासेरच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, मधोमध काकांना उभं केलं, समोर पडद्यावर व्यंकटीकाका. त्यांनी पहिला शब्द उच्चारला आणि यासेरनं घाबरून यंत्रच बंद केलं. मेलेला माणूस बोलत होता, मामा. तोच घसा, तोच शेवटी ओढलेला सूर. दगडोबाकाका मात्र पुढचं म्हणायला तयार होईनात. म्हणाले, "अण्णा असं बोलत न्हाई. अण्णाला जागा आवडली तर त्यो गप बसतो, नदी हाय झाड हाय असं सांगत बसत न्हाई." मी म्हटलं, मामांनी वाचलंय. तुमचं नाव घेतल्यावर मुकाट म्हणाले.

ते वाक्य सगळ्यांना आवडलं. महोत्सवाच्या पत्रात त्याचा खास उल्लेख आहे. मलाही इतकं आवडलं की मला माझीच शंका आली. मालिकांत मी असलीच वाक्यं लिहीत होते. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी घालायला, ऐकणाऱ्याला बरं वाटायला.

मग मी आवाज बंद करून शॉट पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. काकांचे ओठ घट्ट मिटतात, उघडतात, परत मिटतात. तुमच्या वाक्यात ओठ एकदाही मिटत नाहीत. म्हणून पाहा, मामा, आरशासमोर. इतकी वर्षं ओठांवर जगणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक होत नाही. झालीच तर त्याचं लक्ष ओठांवर नव्हतं, दुसऱ्याच कशावर तरी होतं.

आणि तो हात नदीकडं नव्हता. तुमची ती नदी, म्हणजे ओढा, त्यांच्या पायाशी होता. हात माझ्याकडं होता.

काका काय बोलले?

समीक्षा

*

लातूर
१७ जून २०२४

चि. समीक्षा,

पहिल्या खेपेलाच कळलं होतं. मामीनं पेनड्राइव्ह लावला, मी चष्मा पुसून बसलो, आणि मित्र दिसला म्हणून मला आधी आनंदच झाला. मग तो बोलला.

तो म्हणाला, 'थांबव पोरी. छातीत कळ आली.' मग हात केला. तू इकडून काय केलंस ते तूच मला पत्रात लिहिलं होतंस, त्यामुळं पुढचं मला न विचारता कळलं. तो थोडा थांबला. परत म्हणाला, 'थांबव.' मग तुझ्याकडं बघायचं सोडलं. शेवटी, मान खाली जाता जाता, बायकोला हाक मारावी तसं 'सरजे' म्हणाला. दोनदा. वहिनी तिथं नव्हती, घरी होती.

हसण्याचा शॉट त्यानं का दिला नाही, तेही आता तुला कळेल. त्याला हसवत नव्हतं. बाबासाहेबांचं नाव घेतलं की तू हट्ट करणार नाहीस, एवढं त्याला ठाऊक होतं.

मी खोटं का लिहिलं, हे विचारणार तू. एप्रिलभर मी रोज ठरवत होतो, आज खरं लिहायचं. लिहायला बसलो की तुझं ते वाक्य आडवं यायचं, मी पुन्हा उठणार नाही. आपल्या घरात तुझ्या आजोबांनी अंगठा सोडून सही केली, मी खडू हातात धरला, आणि तू पडद्यावर नाव लावायला निघालीस. मला ते मोडवलं नाही. गावची अंधश्रद्धा तू झटकून टाकली असतीस, मी ती झटकायला मदतच केली असती. हे झटकता येणारं नव्हतं. म्हणून व्यंकटीच्या तोंडी मी माझं वाक्य घातलं. त्याच्या मागं जन्मभर पेटी वाजवली, एकदा तो माझ्या चालीवर गाईल असं वाटलं.

आता तो मला सगळीकडं दिसतो. मामी जेवायला बोलावते, दूधवाला दारात येतो, समोरचा क्लासचा पोरगा फोनवर बोलतो, सगळ्यांचे ओठ मला 'थांबव' म्हणताना दिसतात. डोळे मिटले की बरं वाटायला हवं, तर डोळे मिटल्यावर त्याचेच ओठ दिसतात. भुतं नसतात हे मी अजून मानतो. पण मी आता तावातावानं बोलत नाही.

सिनेमाचं काय ते तू ठरव. काढून टाकते म्हणालीस तर मी चकार शब्द काढणार नाही. सरजावहिनीला सांगायचं का, ते मला सुचत नाही. मला तिच्यासमोर उभं राहायचं धाडस होत नाही.

रविकांत

*

नांदेड
१ जुलै २०२४

आदरणीय मामा,
जयभीम.

तुमचं पत्र आल्यावर आठवडाभर तुमच्यावर राग काढावा असं मनात येत होतं. पण हात हलवला तो मी. 'झकास' म्हणत होते मी. राग तुमच्यावर काढला तर तो हात दुसऱ्याचा होत नाही.

काल लोह्याला उतरून गावात गेले आणि सरजाकाकूंना सगळं सांगितलं. हात हलवल्याचंही. त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या दिशी घरी आला तर म्हनला, पोटात गॅस झाला. मी ओवा दिला. ओवा खा आन पड म्हनलं. तू लांब होतीस, मी तर हाताच्या अंतरावर होते."

मग शॉट दाखव म्हणाल्या. मी लॅपटॉप उघडला. दगडोबाकाकांचा आवाज सुरू होताच त्यांनी कान झाकले. "बंद कर त्ये. नुसता त्याला बघू दे." आवाज बंद करून दाखवला. शेवटच्या जागी मी बोट ठेवून सांगायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "कळलं मला. चाळीस वरीस ह्याच तोंडानं हाक मारली त्यानं."

नंतर जे म्हणाल्या ते तसंच लिहिते, कारण निरोप तुम्हाला आहे: "रवीभावजीला सांग, माझ्या वाटची हाक त्यांनी सोतापाशी ठिवून घेतली. कामून? मी काय त्यांचं घेतलं होतं?" रडल्या नाहीत. तुम्हाला रडलेल्यापेक्षा हे जास्त लागेल, हे ठाऊक असूनही लिहिते.

मी म्हटलं, शॉट काढून टाकते, सिनेमा परत घेते. त्या माझ्यावर चिडल्या. "काडून कुठं टाकतीस? त्यो माझं नाव घेऊन राहिला तिथं. ठिव त्ये. दगडोबाचं बोलनं तेवढं काड."

सिनेमा महोत्सवात जाईल. मात्र त्या शॉटला आता कसलाच आवाज असणार नाही. महोत्सवाला तसं कळवलं. त्यांना ते वाक्य गेल्याचं वाईट वाटलं, मी कारण दिलं नाही.

तुमची,
समीक्षा

*

लातूर
२४ जुलै २०२४

चि. समीक्षा,
मंगल कामना.

गेल्या रविवारी गावी जाऊन आलो. वहिनीनं बसायला टाकलं, चहा दिला. मी जे बोलायचं ते बोललो, मामी सोबत होती. वहिनीही बोलली, बरंच बोलली. पण सगळा वेळ चुलीकडं तोंड करून. मला तिची पाठ दिसत होती, एकही शब्द वाचता आला नाही. परतीच्या बसमध्ये मामीला विचारलं, काय म्हणाली? मामी म्हणाली, 'तिला तुम्हाला कळवायचं असतं तर तिनं तोंड फिरवलं नसतं.' मला हे बरोबर वाटलं.

नांदेडला सिनेमा दाखवशील तेव्हा मी येणार नाही. तो शॉट मी पुन्हा पाहू शकत नाही. पण काय झालं ते लिही. पत्रातलं मला अजून वाचता येतं.

तुझा मामा,
रविकांत

*

नांदेड
१६ डिसेंबर २०२४

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

काल नांदेडला सिनेमा दाखवला. हॉल भरला होता. गावाहून दोन टेम्पो भरून माणसं आली, यासेरच्या घरची सगळी आली, आई पहिल्या रांगेत नवीन पातळ नेसून बसली. पडद्यावर माझं नाव आलं तेव्हा तिनं शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला. त्या वेळी तुम्ही तिथं हवे होतात असं वाटलं.

सरजाकाकू आईच्या दुसऱ्या बाजूला होत्या, पलीकडं दगडोबाकाका. मी त्यांच्या मागं. सिनेमाभर काकू हलल्या नाहीत. व्यंकटीकाका गायले तेव्हा गावाकडच्यांनी टाळ्या धरल्या, काकूंचा हात मांडीवरून उठला नाही. मला वाटलं, आता शेवटाला काय होणार. शॉट सुरू झाला. आवाज गेला, आणि पाचशे माणसांच्या हॉलमध्ये पंख्याचं फिरणं तेवढं ऐकू येऊ लागलं. कोणीतरी मागून 'आवाज, आवाज' म्हटलं, मग तेही थांबलं. काकांचे ओठ हलले. हात वर आला. मी खाली बघितलं नाही, मामा, ठरवून आले होते, पूर्ण बघायचं. त्या हाताकडं बघताना मला एवढं समजलं, की यापुढं मी जन्मभर कॅमेऱ्यामागं उभी राहीन आणि समोरच्या माणसानं हात उचलला की आधी ओढा ओलांडून जाईन. सिनेमा सोडणार नाही. सोडला तर काकांचं ते 'थांबव' वायाच जाईल.

मग शेवटची जागा आली. तुम्ही तिथं असता तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं, आणि अंधारात ओठही दिसले नसते, म्हणून हे मुद्दाम लिहिते. काकांची मान खाली झाली, ओठ हलले, आणि सरजाकाकू बोलल्या. रडत नाही, मोठ्यानं नाही. स्वैपाकघरातून ओसरीवर ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

"हाव, आले," म्हणाल्या.

आणि पदर सावरून उठून उभ्या राहिल्या. दगडोबाकाकांनी त्यांना खाली बसवलं नाही, आईनंही नाही. पडद्यावरची नावं संपून दिवे लागले तरी त्या उभ्याच होत्या.

तुमची,
समीक्षा